ढेमस्याचं ‘बस’

“बस.”

ढेमस्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या चिकनच्या तुकड्याकडे पाहिलं. मग शेपटी खाली टाकली, पाठ फिरवली आणि अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन पडला. जसं काही मी त्याला हाकलून दिलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, “सिट!” आणि पाठोपाठ ‘टिक’. वरच्या गॅलरीत त्याचा सख्खा भाऊ मुर्रा ताठ बसला होता. त्याच्यासमोर ती तन्वी. कमरेला खाऊची पिशवी, हातात मोबाईल, केसांना गुलाबी रबर.

“मॅडम,” ढेमस्याची मालकीण रश्मी हळूच म्हणाली, “तो वरचा याच्याच आईचा हाय ना? मंग हाच काहून असा करून राहिला?”

माझे कान गरम झाले होते.

मी कुत्र्यांना शिकवते. रायपुरात हे काम सुरू केलं तेव्हा लोक मला ‘कुत्तों की मास्टरनी’ म्हणून हसायचे. त्याआधी मी जनावरांच्या एका डॉक्टरकडे होते. कुत्र्यांना इंजेक्शनसाठी धरून ठेवायचं, हे माझं काम. धरता धरता मला त्यांची नस कळली. कोणता कुत्रा रागानं चावतो, कोणता भीतीनं, आणि कोणता निव्वळ मालकाच्या लाडानं. मग मी घरोघरी जायला लागले. नाव झालं. गजभिये मॅडम म्हटलं की कुत्रेवाले लोक ओळखायचे.

आणि मग ही तन्वी नावाची पोट्टी आली. बंगलोरहून कोर्स करून. मालकाला मालक म्हणत नाही, ‘पेट पेरेंट’ म्हणते. कुत्रा बसला की रील टाकते, उठला की रील टाकते. सदर बाजारातल्या एका सराफाचा पॉमेरेनियन मी शिकवला होता. चपला खायचा, तो चपलांची राखण करायला लागला. त्या सराफानं दुसरा कुत्रा घेतला तेव्हा मला फोन नाही केला, तिला केला. काहून? तर म्हणे तिच्या रीलमध्ये दुकानाचा बोर्ड दिसतो. सरळ सांगते, मी जळते तिच्यावर. आजही जळते. हे वाचून कोणाला वाटत असेल की शेवटी आमची मैत्री झाली, तर तसं काही झालेलं नाही.

आता घर समजून घ्या. चौबे कॉलोनीत दोन मजली घर, डोंगऱ्यांचं. खाली धाकटा मुलगा नीलेश, त्याची बायको रश्मी आणि रश्मीचे सासरे. सासरे रेल्वेतून रिटायर, सगळी कॉलोनी त्यांना बाबूजी म्हणते, रश्मी बाबा म्हणते. वर थोरली सून ज्योत्स्ना. तिचा नवरा नोकरीपायी बिलासपूरला, आठवड्याच्या शेवटी येतो. अंगण एक, गेट एक, आणि वर जाणारा जिना अंगणातूनच.

शेजारच्यांची लॅब कुत्री एकदा गेट उघडं दिसताच बाहेर पळाली होती. गल्लीतल्या एका पांढऱ्या कुत्र्याशी तिचं जमलं. पिल्लं झाली तशी शेजाऱ्यांनी ती वाटून टाकली, आणि त्यातली दोन बाबूजींनी घरी आणली. एक खाली दिलं, एक वर. खालचं ढेमशाच्या भाजीसारखं गोल गरगरीत, म्हणून ढेमसा. वरचं पांढरं आणि हलकं, म्हणून मुर्रा. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे.

अशा मिक्स पिल्लांबद्दल लोक मला विचारतात, मॅडम, सोपी असतात का? सोपी वगैरे काही नाही. लॅबचं तोंड आणि गल्लीचं डोकं एकाच अंगात येतं. लॅब असल्यामुळे जे दिसेल ते तोंडात घालायचं. गल्लीचं असल्यामुळे तुम्ही सांगितलेलं लगेच करायचं नाही, आधी स्वतः विचार करायचा. वर अंगात एवढी ताकद की ती काढली नाही तर ते तुमचा सोफा काढतात. ढेमस्यानं पायपुसणं, रबरी पाईप, नीलेशच्या हेल्मेटचा पट्टा आणि गणिताचं एक जुनं पुस्तक संपवलं होतं. मी आले तशी आधी सकाळचं फिरणं वाढवायला लावलं, चावायला गाठी मारलेलं जुनं पोतं दिलं. चावणं पंधरवड्यात आवाक्यात आलं. उडी मारणं काही आवाक्यात येईना.

आणि गोष्ट त्या उडीचीच होती. मी यायच्या आधी एका संध्याकाळी बाबूजी फिरून आले आणि ढेमस्यानं आनंदानं त्यांच्या छातीवर उडी मारली. चष्मा उडाला, बाबूजी गेटवर आपटले, कोपर सोललं. आता त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, ऑपरेशननंतर डोळ्याला जरासाही धक्का नको. तेव्हा नीलेशनं सांगून टाकलं, “पापा घर आने तक ये सुधरा तो ठीक, नहीं तो अभनपुर वाले दोस्त के फार्म पे छोड़ आऊँगा.”

रश्मीनं पहिल्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज फाटला. ती अमरावतीकडची. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. “मॅडम, या घरात मायं मराठी कोणी ऐकत नाही. हे हिंदीत बोलतात, वरच्या ताई हिंदीत बोलतात. बाबा बोलतात, पण ते किती बोलतीन? दिवसभर मी याच्याशीच बोलतो. तुमी याले मराठीतूनच शिकवा. इंग्रजी नको. हा गेला तर मी भिताडाशी बोलीन.”

“नाही जाणार,” मी म्हटलं. असं म्हणू नये खरं तर. पण वरून ‘टिक’ ऐकू येत होतं.

कारण वरची सून गप्प बसलेली नव्हती. जावा-जावांचं तुम्हाला सांगायला नको. खाली लाल पट्टा आला की वर चमकणारा पट्टा यायचा. खाली मी आले, तर त्याच आठवड्यात वर तन्वी आली. ती क्लिकर वापरते. क्लिकर म्हणजे अंगठ्यानं दाबायची प्लास्टिकची डबी, दाबली की टिक वाजते. कुत्र्यानं बरोबर केलं की टिक, आणि टिकनंतर खाऊ. वाईट पद्धत नाही. चांगली आहे, खरं तर. याचाच जास्त राग येतो.

माझी पद्धत जुनी. उडी बंद करायची असेल तर कुत्र्याला ‘उडी मारू नको’ शिकवता येत नाही, कारण ‘नको’ त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्याला दुसरं काम द्यावं लागतं. माणूस समोर आला की बसायचं. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, एवढं साधं आहे. बसवायचं कसं? खाऊचा तुकडा नाकाशी धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं तसं मागचं अंग आपोआप खाली येतं. असं बरेचदा झालं की हात आणि शब्द एकत्र आणायचे. मग हात काढून घ्यायचा, शब्द राहतो.

हातानं ढेमसा सुरेख बसायचा. बाप्पा, इतका लवकर बसलेला कुत्रा मी कमी पाहिलाय. मी मनात म्हटलं, आता बघ म्हणावं त्या गुलाबी रबराला. आणि ज्या दिवशी मी हाताबरोबर ‘बस’ म्हटलं, त्या दिवसापासून सगळं बिघडलं. ‘बस’ म्हटलं की शेपटी खाली, पाठ माझ्याकडे, आणि टाकीमागे.

आधी वाटलं पोट भरलेलं असेल. जेवणाआधी घेतलं. तरी तेच. वाटलं अंगणात लक्ष उडतं, म्हणून समोरच्या खोलीत घेतलं. बुद्धाच्या फोटोखाली पंखा बंद करून मी एकटीच त्याच्यासमोर बसले. तरी तेच, फक्त इथे टाकी नव्हती म्हणून दिवाणाखाली गेला. मग कंबर तपासली. लॅबच्या रक्तात खुब्याची दुखणी असतात, बसताना दुखत असेल तर कुत्रा टाळतो. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पैलवान आहे. मग मी तोंड बंद ठेवून नुसता हात वर नेला. ढेमसा बसला. पुन्हा नेला, पुन्हा बसला. म्हटलं ‘बस’. उठून गेला.

म्हणजे कुत्रा ठीक होता, हात ठीक होता. खराब होता तो शब्द.

आमच्या धंद्यात हे होतं. एखाद्या शब्दामागे कुत्र्याला काही वाईट अनुभव आला, की तो शब्द त्याच्यासाठी दुधासारखा नासतो. समजा ‘ये’ म्हणून बोलावलं आणि दर वेळी आंघोळ घातली, तर तो ‘ये’ ऐकून पळतो. पण माझं ‘बस’ कोणी नासवलं? मी तर नाही. रश्मी तर त्याला रागावतही नव्हती.

उत्तर मला लगेच सापडलं. गॅलरीतच उभं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी तन्वीला गेटवर गाठलं. “एक बात पूछूँ? मेरे कुत्ते के साथ आप कुछ करती हैं क्या, मेरे जाने के बाद?”

“मैम, आपका डॉग? मैं तो नीचे जाती ही नहीं.”

“उसके सामने ‘बस’ बोलके कुछ करती हो?”

“मैम, मैं ‘सिट’ बोलती हूँ. ‘बस’ तो मेरी कमांड ही नहीं है.” मग डोळे मोठे करून, अगदी मनापासून, “आप चाहें तो मेरा एक्स्ट्रा क्लिकर ले जाइए. सीनियर लोग भी आजकल यूज़ कर रहे हैं.”

सीनियर लोग! माय व, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की स्कूटीची चावी डिकीत लावून मी ती सुरू व्हायची वाट पाहत राहिले. आणि त्याहून वाईट म्हणजे ती खरं बोलत होती, हे मला दिसत होतं.

बाबूजींना ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी न्यायचं होतं त्या दुपारी रश्मीनं फोन केला, “मॅडम, आज नका येऊ, आम्ही दवाखान्यात चाललो.” मी बरं म्हटलं. पण गुढ़ियारीत एक काम आटोपलं, परत येताना रस्ता तिथूनच होता, आणि वेळ फार कमी उरला होता. म्हटलं, अंगणातच हातानं दोन-चारदा बसवून जाऊ. गेट हळूच उघडलं.

ढेमसा टाकीमागे नव्हता. तो जिन्यावर होता, वळणाच्या पायरीवर. त्याच्यासमोर ज्योत्स्ना पायरीवर बसली होती, मांडीत स्टीलचं ताट. ताटात फरा होता, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट तुकडे, छत्तीसगडी घरात होतात तसे. एकेक तुकडा ती फुंकर मारून थंड करत होती आणि त्याच्या तोंडात देत होती. ढेमसा तिच्या तोंडाकडे असा पाहत होता, तसं त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

ताट रिकामं झालं. तिनं हात झटकले. “बस. अब बस. हो गया. जा नीचे, तेरी मम्मी आ जाएगी.”

ढेमस्यानं शेपटी खाली टाकली, पाठ फिरवली आणि जिना उतरून टाकीमागे जाऊन पडला.

मी गेट धरून उभी राहिले. हिंदीत बस म्हणजे पुरे. संपलं. निघ. मराठीत बस म्हणजे बस. मी मराठीत बसवत होते आणि वरची सून रोज हिंदीत उठवत होती. या कुत्र्याचं काहीच चुकत नव्हतं. तो माझ्यासमोर दर वेळी अगदी बरोबर करत होता. रायपूरच्या मराठी घरातच होऊ शकते अशी गफलत, आणि माझा जन्म इथला, मला आधी कळायला पाहिजे होती.

“तुम्ही रोज देता याला?” मी मराठीतच विचारलं. तिला मराठी समजते हे मला ठाऊक होतं. गुढ़ियारीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली डोंगऱ्यांची सून, समजणार नाही तर काय. पण उत्तर ती कायम हिंदीत द्यायची.

ती दचकून उभी राहिली. ताट खणखणलं. “आप? आज तो छुट्टी थी ना?”

“रोज देता का?”

“दोपहर में. जब रश्मि सोती है.” मग एकदम चिडून, “तो? चोरी की है क्या मैंने? अपने घर का फरा है.”

“अहो, चोरी नाही. बस बस करून तुम्ही माझा धंदा बसवला!” मी तिला सगळं सांगितलं. माझं बस, तिचं बस, टाकीमागे जाणं, दिवाणाखाली जाणं. “तुमच्या या फऱ्यापायी त्याला अभनपूरला नेऊन सोडतील. कळतं का?”

तिचा चेहरा उतरला. जिन्याच्या कठड्याला धरून ती खाली बसली.

“तुमच्याकडे मुर्रा आहे की,” मी म्हटलं. “इतका शहाणा कुत्रा. त्याला द्या.”

“मुर्रा तो मशीन है, मैडम. टिक करो, बैठ जाता है. टिक करो, उठ जाता है. वो मेरा हाथ देखता है. ये मेरा मुँह देखता है.” जरा वेळ ती टाकीकडे बघत राहिली. “जब बाबूजी दोनों को लाए थे ना, टोकरी में, तो सबसे पहले मैंने इसको उठाया था. बाबूजी बोले, नई बहू को पहले लेने दो. उसने मेरी गोद से ले लिया. हँसते हँसते ले लिया.” आणि मग, मी तिच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या आवाजात, “माहा होता तो. म्या निवडला होता.”

एवढं मात्र ती मराठीत बोलली.

मला तिची दया यायला पाहिजे होती. थोडी आली. पण खरं सांगू का, मला जास्त ओळख पटली. दुसऱ्याच्या अंगणात आपली वस्तू पाहून पोटात कसं दुखतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सराफाचा पॉमेरेनियन आठवला.

“हे बघा,” मी म्हटलं, “तुम्ही खाऊ घाला, मी अडवत नाही. पण शब्द बदलावा लागेल.”

“मैं ‘बस’ नहीं बोलूँगी.”

“तुम्ही नाही बोलणार. नीलेश बोलेल, बाबूजींना भाजी वाढताना रश्मी बोलेल, गेटवर ऑटोवाला बोलेल. सगळ्या रायपूरचं बस मी बंद करू का? तुमचा नाही, माझा शब्द बदलू.”

आता नवा शब्द कोणता? ‘सिट’ म्हटलं की झालं असतं. सोपा, छोटा, घरात दुसरं कोणी वापरत नाही. पण वर गॅलरीत तो शब्द तन्वीचा होता. माझा कुत्रा तिच्या शब्दावर बसणार? मेले तरी नाही. ‘बैठ’ हिंदी, रश्मीला नको. ‘बैस’ म्हणावं तर तो ‘बस’च्या इतका जवळ की कुत्र्याला फरक कळणार नाही. मी स्कूटीवर बसून विचार करत होते आणि मला माझी माय आठवली. आम्ही भावंडं घरभर नाचायला लागलो की ती ओरडायची, “बूड टेक बरं एका जागी!”

टेक. छोटा, कडक, पक्का मराठी. आणि घरात कोणी म्हणत नाही.

रश्मीला सांगितलं, शब्द नासला आहे, नवा शिकवू. “कोणी नासवला?” तिनं विचारलं. “घरात सगळेच बस म्हणतात व,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. ‘टेक’ ऐकून ती खूप हसली, तिची आईही असंच म्हणायची म्हणे. नवा शब्द कोरा होता, ढेमस्यानं तो पटकन घेतला. सकाळी मी आणि रश्मी घ्यायचो. दुपारी, रश्मी झोपल्यावर, जिन्याच्या वळणावर ज्योत्स्ना घ्यायची. फरा दाखवायची, टेक म्हणायची, बसला की द्यायची. ताट संपलं की तोंड मिटून ताट उलटं करून दाखवायची. ‘बस’ तोंडातून जाऊ नये म्हणून ती ओठ चावून धरते, हे मी स्वतः पाहिलं.

बाबूजी ऑपरेशन होऊन घरी यायच्या दिवशी मी लवकर गेले. ढेमस्याच्या गळ्यात लांब दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात. असं कधीही मोकळ्यावर सोडायचं नसतं. वरून तन्वी खाली आली, मुर्र्याला घेऊन. ‘दादाजी का वेलकम’ अशी तिला रील करायची होती. मुर्रा सिटवर बसायचा, ती “टेक इट” म्हणून तुकडा द्यायची. मी तिकडे पाहिलंच नाही. निदान पाहत नाही असं दाखवलं.

गाडी आली. बाबूजी उतरले, डोळ्यावर काळा मोठा चष्मा. रश्मीच्या एका हातात त्यांचा दंड, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. नीलेश गाडी वळवत होता. बाबूजींनी आवाज दिला, “कुठं हाय बे माहा ढेमसा?”

झालं. दोरी माझ्या हातातून अशी सुटली की तळवा सोलला. ढेमसा तीरासारखा गेटकडे.

रश्मी ओरडली, “बस! ढेमस्या, बस!”

नीलेश गाडीतून ओरडला, “अरे बस बस बस!”

आणि मी, गजभिये मॅडम, कुत्तों की मास्टरनी, जिनं तो शब्द स्वतः काढून टाकला होता, मी काय ओरडले असेन? मीही “बस!” म्हणूनच ओरडले. घाबरलं की माणसाच्या तोंडून जुनाच शब्द निघतो.

ढेमसा थांबला नाही. थांबेल कसा, समोर बाबूजी होते.

“टेक!”

जिन्यावरून आवाज आला. ज्योत्स्ना होती. ढेमस्यानं बाबूजींपासून हातभर अंतरावर चारही पायांना ब्रेक मारला आणि धुळीत बूड टेकवलं. शेपटी अंगण झाडत होती, सगळं अंग थरथरत होतं, पण बूड जमिनीवरच. बाबूजींनी चाचपडत हात खाली नेला. डोकं हाताला लागलं तसे म्हणाले, “हाय हाय. बसून हाय.”

मी श्वास सोडला. पण रश्मी बाबूजींकडे पाहत नव्हती. ती जिन्याकडे पाहत होती.

“ताई, तुमाले हा शब्द कसा माहीत?”

ज्योत्स्ना दोन पायऱ्या खाली आली.

“आन तो तुमचं ऐकते कसा?”

“मी शिकवलं,” मी मध्ये पडले. “ज्याच्या ज्याच्या अंगावर तो उडी मारू शकतो, त्या सगळ्यांना शब्द आला पायजे.”

“दोपहर में खिलाती हूँ उसको,” ज्योत्स्ना म्हणाली. “रोज. ‘बस’ मैंने ही खराब किया था.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“बताती तो तू देने देती?”

रश्मीनं औषधांची पिशवी खाली ठेवली. मग तिचे डोळे भरले. “तो मायं मराठी ऐकते म्हणून मी त्याले कोणाजवळ जाऊ देत नव्हतो. तुमाले एवढा आवडत होता तर एकदा मराठीतून मागाचा ना!”

“मागितला असता तर दिला असता?” ज्योत्स्ना मराठीतच बोलून गेली.

“माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,” बाबूजी मध्येच म्हणाले, “कानाचं नाही झालं. हळू बोला. आन मले आत न्या. कुत्रा बसला ना? मंग तो इथंच राहीन. नीलेश, ऐकून राहिला का?”

“हाँ पापा,” नीलेश म्हणाला, आणि त्यानं तिथेच उभ्याउभ्या अभनपूरच्या मित्राला नको म्हणून कळवलं. बाबूजींना आत नेताना दोन्ही सुना दोन्ही बाजूंनी होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दोघी होत्या. ढेमसा अजून बसूनच होता, कारण त्याला उठ म्हणायचं सगळे विसरले होते.

गोष्ट इथे संपली असती. पण आम्ही सगळे बाबूजींना घेऊन आत गेलो तेव्हाही तन्वी अंगणात रील करतच होती, आणि ती तिनं टाकली. तिच्या कामातलं तिच्या आवडीचं ते, त्यामुळे लगेच टाकली. मी पाहणार नव्हते. पाहिली. समोर मुर्रा झकास बसलाय, ती म्हणते, “टेक इट!” आणि मागे, अंगणात, दोरी लोंबत असलेला ढेमसा झटकन बूड टेकवतो. ती पुन्हा म्हणते, “टेक इट!” ढेमसा उठलेला असतो, पुन्हा बसतो. तिच्या आख्ख्या रीलमध्ये, तिच्याच आवाजावर, मागे माझा कुत्रा बसून राहिला. तिला कळलंच नाही. मी ती रील किती वेळा पाहिली ते सांगत नाही.

खाली कोणीतरी विचारलं होतं, पीछे वाला डॉग किसका स्टूडेंट है? त्यावर ज्योत्स्नानं लिहिलं होतं, ‘हमारा ढेमसा. ट्रेनर गजभिये मैडम.’ माझं नाव आलं, पण कमेंटमध्ये. वाचायला बोटानं खाली सरकवावं लागतं. वर मोठ्या अक्षरात तन्वीचंच आहे. ती रील पाहून सराफानं मला फोन केला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही केला.

यातून शिकायचं काही असेल तर एवढंच. पिल्लू घरी आणलं की पट्टा आणि भांडं नंतर आणा, आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून शब्द ठरवा. आणि त्यात चोरून खाऊ घालणारा कोण आहे ते शोधा. तो असतोच, आणि कुत्रा सगळ्यांत आधी त्याचंच शिकतो.

त्या संध्याकाळी रश्मीचा फोन आला.

“मॅडम, रील पाहिली? तिनं ‘हमारा’ लिवलं.”

“मंग?”

“हमारा कसा? ‘रश्मीचा’ लिवाले पायजे होतं. दुपारी दोघी मिळून खाऊ घालतो आता, ते ठीक हाय. फरा मलेही शिकवून राहिल्या. पण म्हणून हमारा? उद्या म्हणतीन, त्याले वर झोपू दे. परवा म्हणतीन...”

ती थांबेना. माझा चहा थंड होत होता.

“रश्मी,” मी म्हटलं, “बस.”



“मॅडम,” ती म्हणाली, “कोणतं बस? तुमचं का तिचं?”